पाच मिनिटांचं काम

शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी डेक्कन क्वीन मुंबईहून सुटली आणि दादर मागे पडतं न पडतं तोच ॲडमिनचा फोन वाजला.

"गाडीत आहेस ना? लॅपटॉप जवळ आहे ना? मग एक कर. तो जुना सर्व्हर सोमवारी परत द्यायचाय. त्यातलं ते एक जेल बंद कर आणि साफ करून टाक. पाच मिनिटांचं काम."

हे सांगणाऱ्या मॅनेजरने आयुष्यात एकही जेल बंद केलेलं नव्हतं, म्हणूनच त्याला इतका नेमका आकडा ठाऊक होता. ज्याने केलेलं असतं तो, किती वेळ लागेल असं विचारलं की आधी खिडकीबाहेर बघतो. ॲडमिनने खिडकीबाहेर बघितलं. 'नाही' म्हणावं असं त्याच्या मनात आलं होतं. पण मराठी माणसाला नोकरीत 'नाही' म्हणायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात समोरचा फोन ठेवून मोकळा होतो.

मग ॲडमिनने मांडीवर लॅपटॉप उघडला, फोनचं हॉटस्पॉट चालू केलं आणि पुण्याच्या ऑफिसात अडकून पडलेल्या ज्युनियरला फोन लावला. पुढची दहा मिनिटं डब्यातल्या पासधारकांच्या कानांवर जे पडलं ते असं :

"जेलमध्ये अजून किती जण आहेत? अठरा? बरं. आधी बापाला मारू नकोस, पोरं अनाथ होतात आणि मग भलत्याच्याच गळ्यात पडतात. पोरांपासून सुरुवात कर. काय, मरत नाहीत? अरे, आधी नीट सांगून बघ. पंधरा नंबर लाव, दहा सेकंद थांब. नाहीच ऐकलं तर नऊ नंबर. आणि तो एक आधीच मेलाय म्हणतोस, तो अजून यादीत कसा? मग त्याच्या बापाला जाब विचार."

समोरच्या सीटवरच्या काकांनी पेपरची घडी घातली.

"आपण येरवड्याला असता का?"

"नाही हो, बाणेरला."

"तसं नाही. जेल खात्यात?"

"नाही, सॉफ्टवेअरमध्ये."

काकांनी पायाशी ठेवलेली पिशवी उचलून मांडीवर घेतली.

यात काकांचं काहीच चुकलं नाही. चूक असलीच तर संगणकवाल्यांच्या शब्दकोशाची आहे. एकाच यंत्रावर चार बिऱ्हाडं नांदवायची, पण एकाला दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात डोकावता येऊ नये, ही गरज जुनी. १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत 'सीएचरूट' नावाची सोय आली. ती एखाद्या प्रोग्रॅमला एका खोलीत बसवून सांगायची, की ही खोली म्हणजेच सगळं जग. प्रोग्रॅम बापडा विश्वास ठेवायचा. पण त्याच्या हातात रूटचे, म्हणजे मालकाचे, अधिकार असले तर तो भिंतीला भोक पाडून बाहेर येई. मग मार्च २००० मध्ये फ्रीबीएसडी या प्रणालीच्या ४.० आवृत्तीत पॉल-हेनिंग काम्प या डॅनिश प्रोग्रॅमरने 'जेल' आणलं. त्याने आणि रॉबर्ट वॉटसनने त्यावर जो निबंध लिहिला, त्याच्या शीर्षकात सर्वशक्तिमान रूटला कोंडून घालण्याची भाषा आहे. म्हणजे आत प्रत्येकाने स्वतःला राजा समजावं, सिंहासनावर बसावं, फर्मानं काढावीत; चालतील फक्त त्या खोलीपुरती. ज्यांच्या घरी सासरे आणि जावई एकत्र राहतात, त्यांना ही व्यवस्था वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

पुढे मार्च २०१३ मध्ये अमेरिकेत सँटा क्लारा इथल्या पायथॉन भाषेच्या परिषदेत सॉलोमन हाईक्स नावाच्या गृहस्थाने 'डॉकर' नावाचं असंच एक साधन दाखवलं. आज जगभर कंटेनर-कंटेनर असा जो घोष चालतो, तो तिथून. त्या भाषणाला मिळालेला वेळ होता पाच मिनिटं. तेव्हापासून या धंद्यात सगळीच कामं पाच मिनिटांची झाली आहेत.

खोली उभी करायला खरंच तेवढाच वेळ लागतो. घोळ होतो तो खोली रिकामी करताना. मंगल कार्यालय चालवणाऱ्या कोणालाही विचारा. हॉल भरायला वाजंत्री वाजायचा अवकाश. पण संध्याकाळी पाचला हॉल सोडायचा म्हटलं की एक मावशी वरच्या खोलीत झोपलेल्या सापडतात, दोन मेव्हणे जिन्यात पत्ते कुटत असतात, आणि वधूपक्षाच्या खोलीची किल्ली वरपक्षाच्या गाडीतून संगमनेरला पोचलेली असते.

निरोप द्यायची रीत मात्र संगणकात मोठी सभ्य आहे. प्रोग्रॅमला आधी पंधरा नंबरचा संकेत जातो. त्याला 'सिगटर्म' म्हणतात. अर्थ असा, की मंडळी, आवरतं घ्या. त्याने फायली मिटाव्यात, हिशेब लिहावा आणि निघावं. जेल बंद करणारा हुकूम दिला की फ्रीबीएसडी आतल्या सगळ्यांना हा संकेत पाठवते आणि दहा सेकंद थांबते. डॉकरही दहाच सेकंद थांबतो. त्या दोघांच्या वरताण मोठा कारभार बघणारं कुबरनेटीस तीस सेकंद देतं. मोठ्या घरात पाहुण्यांना जास्त वेळ देतातच. मुदत संपली की नऊ नंबर : 'सिगकिल'. तो ऐकायचा की नाही हे प्रोग्रॅमच्या हातात नसतं. बखोटीला धरून बाहेर.

कंटेनरमध्ये मात्र एक गंमत होते. आतल्या पहिल्या प्रोग्रॅमला एक नंबर मिळतो आणि एक नंबर म्हणजे घरातला कर्ता. कर्त्याला लिनक्सच्या गाभ्याने एक सवलत दिली आहे : 'आवरा' या संकेताचं काय करायचं हे त्याने स्वतः लिहून ठेवलेलं नसेल, तर तो संकेत त्याच्यापुरता हवेत विरतो. आता होतं असं, की त्या जागी बहुधा कोणीतरी साधासुधा प्रोग्रॅम असतो. बाहेर तो हजारो नंबरांत खपून जायचा, इथे नशिबाने एक नंबर झाला. कर्तेपणाची तयारी शून्य. त्याला आवरायला सांगा, तो तुमच्याकडे बघतसुद्धा नाही. म्हणून कित्येक ऑफिसांत कंटेनर बंद करायला बरोबर दहा सेकंद लागतात आणि लोक समजतात, की आत बरंच काम चाललं असणार. आत कोणी काही करत नसतं. दहाव्या सेकंदाला नऊ नंबर बसतो आणि मागे '१३७' असा आकडा उरतो. १२८ अधिक नऊ. म्हणजे मारून बाहेर काढलं. शहाण्यासारखा निघाला असता तर १४३ उरले असते. कित्येक कंपन्यांच्या लॉगमध्ये वर्षानुवर्षं १३७ ची रांग लागलेली असते आणि एकालाही १४३ आठवत नाहीत.

ठाणे गेलं. अठरापैकी सोळा प्रोग्रॅम एकदाचे निघाले. उरले ते 'आधीच मेलेला' आणि त्याचा बाप.

"दादा, याला नऊ नंबर चार वेळा मारला. काहीच होत नाहीये."

"अरे, मेलेल्याला कसा मारशील?"

काकांनी मान डोलावली. मुद्दा त्यांना पटला होता.

अशा प्रोग्रॅमला झोंबी म्हणतात. तो खात नाही, पीत नाही, मेमरी अडवत नाही. त्याचं फक्त नाव यादीत असतं. कारण प्रोग्रॅम मेला की त्याच्या बापाने येऊन मृत्यूची नोंद घ्यायची असते आणि बाप आपल्या उद्योगात. पेन्शनच्या कचेरीत जिवंत माणसाला दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. इथे मेलेल्याला मेल्याचा दाखला मिळत नाही, एवढाच फरक. उपाय एकच : बापालाच उडवायचं. मग ते नाव मूळ पुरुषाकडे, म्हणजे यंत्रातल्या खऱ्या एक नंबरकडे जातं. तो मात्र आयुष्यभर हेच काम करत आलेला असतो. आलेल्या प्रत्येक बेवारशाची नोंद घेतो, नाव खोडतो, पुढे जातो.

ज्युनियरने बाप उडवला. झोंबी गेला. जेलच्या यादीचा हुकूम दिला, तर यादी कोरी. ॲडमिनने लॅपटॉप अर्धा मिटला आणि डायनिंग कारच्या पोऱ्याला हाक मारून चीज टोस्ट सांगितला. टोस्ट यायच्या आत ज्युनियर पुन्हा फोनवर.

"दादा, साध्या यादीत दिसत नाहीये. पण यादीच्या हुकुमाला मायनस डी लावलं की दिसतंय. पुढे 'डाइंग' लिहिलंय."

फ्रीबीएसडीत जेल लगेच मरत नाही. ते मरणपंथाला लागतं. साध्या यादीतून त्याचं नाव जातं, चौकशी केली तर मात्र घरात धुगधुगी असल्याचं कळतं. याचं एक नेहमीचं कारण म्हणजे न संपलेले निरोप.

नेमका तेव्हाच आईचा फोन आला.

"कुठे आलास रे?"

"कल्याण गेलं. आई, कामात आहे, ठेवतो."

"हो, ठेव ठेव. जेवायला काय करू?"

"काहीही कर."

"काहीही म्हणजे काय? बरं, पिठलं करते. ठेवते मग."

"हो."

"ठेवतोयस ना?"

"तू ठेव."

टीसीपी, म्हणजे इंटरनेटवरच्या दोन यंत्रांचं बोलणं ज्या रीतीने चालतं ती रीत, हुबेहूब अशीच वागते. एक बाजू म्हणते 'माझं झालं'. दुसरी म्हणते 'कळलं'. मग दुसरी म्हणते 'माझंही झालं'. पहिली म्हणते 'कळलं'. चार निरोप झाले, आता फोन ठेवावा की नाही? नाही. पहिलीला शंका येते, की आपलं शेवटचं 'कळलं' पोचलंच नसेल तर? ती रिसीव्हर कानाला धरून उभी राहते. सप्टेंबर १९८१ मधल्या टीसीपीच्या मूळ मसुद्यात असं धरलं होतं, की एखादं पाकीट जाळ्यात जास्तीत जास्त दोन मिनिटं भटकेल, म्हणून त्याच्या दुप्पट, म्हणजे चार मिनिटं थांबावं. फ्रीबीएसडीने ती दोन मिनिटं तीस सेकंदांवर आणली. थांबणं उरलं एक मिनिट. 'येतो हं' म्हणून दारात चप्पल घालून अर्धा तास उभ्या राहणाऱ्या समाजाला एक मिनिट म्हणजे काहीच नाही. पण मॅनेजरच्या पाच मिनिटांतला तो पाचवा हिस्सा.

मिनिट गेलं. दोन गेली. टोस्ट संपला. जेल अजून मरतच होतं.

ज्युनियरच्या मोजणीतून सुटलेला एक प्रोग्रॅम आत उरला होता आणि त्याच्या नावापुढे 'डी' लिहिलं होतं. ही अवस्था सर्वांत कठीण. दूरच्या एका साठवणुकीच्या यंत्रावरून त्याने फाईल मागवलेली असते आणि ती येईपर्यंत तो कोणाचं काही ऐकत नाही. पंधरा नाही, नऊ नाही. 'मी एक कागद मागवलाय, तो येईपर्यंत मला काही विचारू नका' असं सांगून पंखा लावून बसणारा कारकून असतो तसा. फ्रीबीएसडीच्या पुस्तिकेत या अवस्थेचं वर्णन 'अल्पकालीन' असं केलेलं आहे. ॲडमिनने बघितलं, प्रोग्रॅम गुरुवार दुपारपासून अल्पकाळ थांबला होता.

त्याने मॅनेजरला फोन केला. "ते साठवणुकीचं यंत्र कुठे आहे?"

"ते? ते कालच परत पाठवलं की. साफसफाई चाललीय ना!"

म्हणजे ज्या दुकानातून कागद यायचा होता ते दुकानच टेम्पोत घालून नेलं होतं आणि गिऱ्हाईक काउंटरवर रांग लावून उभं होतं. ॲडमिनने त्या दुकानाकडे जाणारी वाट जबरदस्तीने तोडली. तिकडे काही उरलंच नव्हतं, त्यामुळे बिघडायचा प्रश्न नव्हता. गिऱ्हाईक भानावर आलं आणि मेलं. कर्जतला गाडीला मागून इंजिन जोडलं जात असताना जेल खरोखर संपलं.

आता साफसफाई. त्यातही आधी एक काळजी घ्यायची होती. या जेलच्या पोटात एक खिडकी होती. ग्राहकांनी पाठवलेल्या कागदपत्रांचं खरं फोल्डर सर्व्हरवर दुसरीकडेच होतं, पण जेलमधून दिसावं म्हणून ते 'नलएफएस' नावाच्या सोयीने आत जोडलेलं होतं. खोलीच्या भिंतीत खिडकी पाडून शेजारच्या घराची तिजोरी हाताला येईल अशी व्यवस्था म्हणायची. आधी खिडकी बंद करायची, मग खोली पाडायची. क्रम उलटला तर खोलीबरोबर शेजाऱ्याची तिजोरीही जाते.

ॲडमिन नेमकं काय आहे ते डोळ्यांनी बघावं म्हणून त्या फोल्डरमध्ये शिरला. यादी काढली. यादी उतरत होती, आणि घाट लागला.

पहिल्या बोगद्यात नेटवर्क गेलं. दुसऱ्याआधी आलं, दुसऱ्यात गेलं. खंडाळ्याला पाऊस होता, धबधबे होते, सगळा डबा उजव्या बाजूच्या खिडक्यांशी गोळा झाला होता. ॲडमिन एकटा डाव्या बाजूला लॅपटॉप डोक्यावर धरून सिग्नलची एक काडी शोधत होता. काकांनी त्याला वडा दिला. तोवर त्यांचं मत बरंच निवळलं होतं.

लोणावळ्याला तो पुन्हा सर्व्हरवर पोचला. खिडकी बंद करायचा हुकूम दिला. उत्तर आलं : 'डिव्हाइस बिझी'.

पुन्हा दिला. 'डिव्हाइस बिझी'.

म्हणजे आत कोणीतरी बसलं होतं. जेल मेलेलं, अठराच्या अठरा गेलेले, दारं बंद, आणि तरी तिजोरीच्या खोलीत कोणीतरी बसलेलं.

"तू आहेस का तिथे?" त्याने ज्युनियरला विचारलं.

"नाही दादा, आईशप्पथ. मी तर बाहेरच्या फोल्डरमध्ये आहे."

"मग कोण आहे?"

"बॅकअपवाले असतील."

बॅकअपवाल्यांना फोन गेला. त्यांनी सांगितलं, आम्ही त्या सर्व्हरचा बॅकअप मार्चपासून घेत नाही. ही बातमी स्वतंत्रपणे भयंकर होती, पण तिची दखल घ्यायला वेळ नव्हता. मग सिक्युरिटीवाल्यांना फोन गेला. तिकडच्या माणसाने 'अनोळखी व्यक्ती सर्व्हरवर' एवढंच ऐकलं आणि आपल्या साहेबांना कळवलं. साहेबांनी त्यांच्या साहेबांना. मळवली यायच्या आत अकरा जणांची एक व्हॉट्सॲप गट-चर्चा सुरू झाली होती आणि तिला 'अर्जंट' असं नाव पडलं होतं.

इकडे ज्युनियरने मार्ग सुचवला. "दादा, ते खिडकी बंद करणं, अनमाउंट, राहू दे ना. मी सरळ पुसून टाकायचा हुकूम, आरएम मायनस आरएफ, मारतो. सगळंच जाईल."

"हात काढ कीबोर्डवरून!"

हे ॲडमिन इतक्या जोरात ओरडला, की डब्यातल्या तीन जणांनी आपापल्या कीबोर्डवरून हात काढले.

ओरडण्याला कारण होतं. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या जगप्रसिद्ध कंपनीचा एक थकलेला अभियंता दुय्यम डेटाबेसचं फोल्डर रिकामं करायला बसला होता. सर्व्हर दोन, नावं जवळजवळ सारखी, आणि हुकूम सुटला मुख्य सर्व्हरवर. एक-दोन सेकंदांत चूक लक्षात आली आणि त्याने हुकूम थांबवला. तीनशे जीबीतले साडेचार जीबी उरले होते. मग बॅकअप बघितले. रोज रात्री व्हायचे ते होतच नव्हते, कारण आवृत्त्यांचा मेळ नव्हता. तसं कळवणाऱ्या ईमेल सुटत होत्या, पण टपालाच्या नियमांत न बसल्याने नाकारल्या जात होत्या. शेवटी सहा तासांपूर्वी कोणीतरी दुसऱ्याच कामासाठी काढून ठेवलेली प्रत उपयोगी पडली. कंपनीचा मोठेपणा असा, की दुरुस्तीचं सगळं काम तिने यूट्यूबवर थेट दाखवलं. तेव्हापासून जगातला प्रत्येक शहाणा ॲडमिन काहीही पुसण्याआधी आपण कोणत्या यंत्रावर आहोत हे तीनदा विचारतो. बाकीचे चुकल्यानंतर एकदा विचारतात.

शिवाजीनगर जवळ आलं तेव्हा ॲडमिनला सुचलं, की सगळ्यांना फोन करण्यापेक्षा यंत्रालाच विचारावं. फ्रीबीएसडीत 'एफस्टॅट' नावाचा एक हुकूम असतो. कोणत्या फोल्डरमध्ये कोण ठाण मांडून बसलंय हे तो नावानिशी सांगतो. हे त्याला आठ वर्षांपासून माहीत होतं. पण माणसाला संशय घ्यायला माणूसच लागतो.

त्याने हुकूम दिला. एक ओळ आली. ती त्याने दोनदा वाचली आणि लॅपटॉप मिटला.

"सापडला का?" काकांनी विचारलं.

"सापडला."

"कोण निघाला?"

"मीच."

पहिल्या बोगद्यात तुटलं होतं ते फक्त त्याच्या बाजूने. सर्व्हरच्या बाजूने तो अजून त्या फोल्डरमध्ये यादी वाचत बसलेला होता. पलीकडचा माणूस गेला हे यंत्राला आपोआप कळत नाही, 'आहात का?' असं विचारायच्या आधी टीसीपी मुळात दोन तास गप्प बसून वाट बघतं. आपलंच भूत कर्जतपासून तिजोरीवर नागासारखं वेटोळं घालून बसलं होतं आणि आपणच सगळ्या ऑफिसाला चोर शोधायला लावलं होतं. त्याने स्वतःला नऊ नंबर मारला. खिडकी पहिल्या फटक्यात बंद झाली. 'अर्जंट' गटात त्याने "प्रश्न सुटला, बाह्य कारण होतं" असा संदेश टाकला. बोगदा बाह्यच असतो. सात जणांनी अंगठा दिला.

घरी पिठलं निवत होतं. ताटावर बसण्याआधी आता फक्त पुसायचं उरलं होतं. यंत्राचं नाव तीनदा बघून त्याने हुकूम सोडला. हजारो फायली गेल्या आणि मोजक्या अडून बसल्या : 'ऑपरेशन नॉट पर्मिटेड'. परवानगी नाही! रूटला! सर्वशक्तिमानाला!

फ्रीबीएसडीत काही मानाच्या फायलींवर 'एसचेंज' नावाचा शिक्का असतो. तो असेपर्यंत मालकालाही हात लावता येत नाही. आधी शिक्का उतरवायचा, मग फाईल पुसायची. पण या मानकऱ्यांत एक फोल्डर फार वेगळं आहे. त्याचं नाव 'व्हार एम्प्टी'. नावाप्रमाणे त्यात काहीही नसतं. काही ठेवताही येत नाही. सुरक्षेसाठी काही प्रोग्रॅमना काहीच नसलेल्या जागी कोंडावं लागतं, त्यासाठी ही जागा राखून ठेवलेली असते आणि तिच्यावर शिक्का असतो. रात्री साडेदहा वाजता, गार पिठल्यासमोर बसून, पूर्ण रिकामी असलेली एक वस्तू रिकामी करायची परवानगी मिळवण्यासाठी हा माणूस झगडत होता.

"काय करतोयस अजून?" आईने विचारलं.

"काही नाही."

हे उत्तर तांत्रिकदृष्ट्या अचूक होतं.

शनिवारी ज्युनियरने विचारलं, "दादा, जेलपेक्षा कंटेनर बरे ना? त्यात हे काही नसतं." ॲडमिनने त्याला त्याच्या स्वतःच्या लॅपटॉपवरचे बंद कंटेनर मोजायला सांगितले. त्रेचाळीस निघाले. कंटेनरला नाव दिलं नाही तर डॉकर स्वतः बारसं करतो : एक विशेषण आणि एका नामवंत शास्त्रज्ञाचं किंवा संगणकतज्ज्ञाचं नाव. त्या यादीत आर्यभट आहेत, रामानुजन आहेत, रामन आहेत, होमी भाभा आहेत, विश्वेश्वरय्या आहेत. विशेषणांत 'अँग्री' आहे, 'हंग्री' आहे, 'स्लीपी' आहे. त्यामुळे एखाद्या सकाळी 'हंग्री भाभा' मेमरी खाताना सापडतात आणि 'स्लीपी आर्यभट' तीन महिने उठलेले नसतात. फक्त ॲपलच्या स्टीव्ह वोझनियॅकच्या वाट्याला 'बोअरिंग' हे विशेषण येऊ नये, अशी खास तजवीज त्या प्रोग्रॅममध्ये केलेली आहे. आपल्या लोकांसाठी कोणी अजून अर्ज केलेला नाही.

"हे पुसून का टाकत नाहीस?" ॲडमिनने विचारलं.

"असू देत. लागेल कधीतरी."

हे वाक्य ज्या घरात श्रीखंडाचे रिकामे डबे माळ्यावर रचून ठेवलेले असतात, त्या प्रत्येक घरात बोललं जातं. डॉकरमध्ये सगळं एकदम झाडून काढायचा हुकूमही आहे. तो आधी 'नक्की का?' असं विचारतो. ज्युनियर त्या प्रश्नापर्यंत अनेकदा गेला होता आणि दर वेळी 'नको' म्हणून परत आला होता.

सोमवारी सकाळी जुना सर्व्हर टेम्पोत चढला. अकरा वाजता हिशेब विभागातून फोन आला. दर तिमाहीचा अहवाल ज्या प्रोग्रॅमने निघायचा तो दिसत नाहीये, कुठे गेला? प्रोग्रॅम त्या जेलमध्ये होता. अठरापैकी कितवा होता, हे आता सांगता येण्यासारखं नव्हतं.

"परत उभं करायला किती वेळ लागेल?" मॅनेजरने विचारलं.

ॲडमिनने खिडकीबाहेर बघितलं.

नव्या सर्व्हरवर नवं जेल दीड मिनिटात उभं राहिलं. अहवालाचा प्रोग्रॅम बसवायला बुधवार उजाडला. जेलला नाव काय द्यायचं, असं ज्युनियरने विचारलं तेव्हा ॲडमिन म्हणाला, "टेम्पररी दे."

"टेम्पररी तर जुन्याचं होतं ना, दादा?"

"हो. सहा वर्षं चाललं."

मग 'टेम्पररी टू' असं नाव दिलं.